मुख्य चित्रपटाच्या आधी

विजया मुळे १९४६ साली इंग्लंडात लीड्सला गेल्या त्या शिक्षणशास्त्र शिकायला. तिथल्या विद्यापीठाच्या फिल्म सोसायटीत त्या जाऊ लागल्या आणि सिनेमाकडे बघण्याची त्यांची नजरच बदलली. मायदेशी परतल्यावर पाटण्यात त्यांनी चार समविचारी माणसं गोळा करून फिल्म सोसायटी उभी केली. पुढे शिक्षण खात्याच्या नोकरीसाठी दिल्लीला गेल्या, तिथेही सोसायटी उभी राहिली. जन्म मुंबईचा, संसार पाटण्यातला, नोकरी दिल्लीची. या बाईंना सगळे ‘अक्का’ म्हणत. १३ डिसेंबर १९५९ रोजी कलकत्ता, दिल्ली, मुंबई, मद्रास, पाटणा, रुडकी इथल्या सोसायट्या एकत्र आल्या आणि ‘फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडिया’ स्थापन झाली. अध्यक्षपद सत्यजित राय यांच्याकडे आलं, उपाध्यक्षांत इंदिरा गांधी होत्या आणि चिदानंद दासगुप्तांबरोबर सहचिटणीसपद अक्कांकडे होतं. राय अखेरपर्यंत, म्हणजे १९९२पर्यंत, अध्यक्ष राहिले.

संस्थेचा इतिहास लिहायला बसलं की अध्यक्ष, चिटणीस, ठराव, वार्षिक सभा असा क्रम आपोआप हाताशी येतो. फिल्म सोसायटीचा इतिहास त्या क्रमात मावत नाही. तो मावतो एका संध्याकाळच्या कार्यक्रमपत्रिकेत. आधी दहा-पंधरा मिनिटांचा लघुपट, मग अर्ध्या-पाऊण तासाचा माहितीपट, थोडी विश्रांती, मग पूर्ण लांबीचा चित्रपट आणि शेवटी ज्यांना थांबायचं त्यांच्यासाठी गप्पा. गेली कित्येक दशकं देशभरातल्या सोसायट्यांनी ही संध्याकाळ पुन्हा पुन्हा मांडली. तिच्यातला मधला तुकडा, म्हणजे माहितीपट, प्रेक्षकाने मनापासून बघावा यासाठी या चळवळीने जे केलं, ते या इतिहासाचं खरं सोनं आहे.

माहितीपट दाखवणारे दुसरे कुणी नव्हते असं नाही. उलट सगळ्यात जास्त माहितीपट दाखवले गेले ते थिएटरांत, आणि तेही सक्तीने. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारने युद्धप्रचारासाठी छोटे चित्रपट काढायला सुरुवात केली. १९४० साली नेमलेल्या ‘फिल्म ॲडव्हायझरी बोर्डा’ची धुरा काही काळ व्ही. शांताराम यांच्याकडे होती. पुढे ‘इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया’ आली आणि प्रत्येक थिएटरवर हे चित्रपट दाखवण्याचं बंधन आलं. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली फिल्म्स डिव्हिजन सुरू झाली, तेव्हा यंत्रणा बदलली, पण बंधन राहिलं. मुख्य चित्रपटाच्या आधी फिल्म्स डिव्हिजनचं एक रीळ लागणार, हे पुढची अनेक दशकं ठरलेलं होतं. त्या रिळाचं भाडंही थिएटरवाल्यालाच भरावं लागे.

ज्यांनी त्या काळात सिनेमे पाहिले त्यांना ते रीळ आठवतं: धरणाची भिंत, कापणी करणारे शेतकरी, पूरग्रस्तांना धान्य वाटणारे मंत्री आणि त्यावर घनगंभीर आवाजातलं निवेदन. तेवढ्या वेळात बाहेर जाऊन चहा घेऊन येणारे पुष्कळ असत. ‘न्यूजरील संपलं का रे?’ हा प्रश्न दारात उभं राहून विचारला जाई.

पण त्याच फिल्म्स डिव्हिजनमध्ये असामान्य माणसं काम करत होती. एस. एन. एस. शास्त्रींनी १९६७ साली ‘आय ॲम ट्वेंटी’ केला. त्यात स्वातंत्र्याबरोबर जन्मलेली, विशीत आलेली मुलं-मुली देशाविषयी मोकळेपणाने बोलतात, काही जण स्वच्छ निराशाही बोलून दाखवतात. सुखदेव यांचा ‘इंडिया ’६७’ निवेदनाचा एक शब्दही न वापरता देशभर फिरतो. प्रमोद पती यांनी ‘एक्सप्लोरर’मध्ये चित्र आणि ध्वनीची अशी काही गुंफण केली की आजचा तरुण संकलकही ती पुन्हा मागे नेऊन बघेल. एम. एफ. हुसेन यांच्या ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ला बर्लिनच्या महोत्सवात लघुपटासाठीचं सुवर्ण अस्वल मिळालं. फली बिलिमोरियांचा ‘द हाउस दॅट आनंदा बिल्ट’ ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचला. हे चित्रपट नुसते घाऊक बंधनाखाली थिएटरांतच राहिले असते, तर चहाच्या वेळेतच संपले असते. फिल्म सोसायट्यांनी त्यांना निवडून लावलं, त्यांच्याविषयी दोन शब्द आधी सांगितले आणि नंतर त्यावर बोलायला वेळ ठेवला.

आपल्या भाषेनेही या प्रकाराला पुरतं उभं राहू दिलेलं नाही. जुने लोक ‘अनुबोधपट’ म्हणत, नंतर ‘माहितीपट’ रूढ झाला. दोन्ही शब्दांत शिकवण्याचा भाव आहे. ‘माहितीपट’ म्हटलं की समोरचा मनातल्या मनात वही उघडतो. पण हुसेन यांच्या लघुपटात माहिती जवळजवळ नाहीच, आणि शास्त्रींच्या चित्रपटात माहितीपेक्षा माणसांचे चेहरे मोठे आहेत. दुसरा चांगला शब्द सापडेपर्यंत हाच वापरायचा. निदान त्याचं ओझं ओळखून वापरायचं.

खरं तर आपल्याकडे सिनेमाची सुरुवातच या प्रकाराने झाली. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये रंगलेली कुस्ती चित्रित केली. केंब्रिजला सीनियर रँग्लर होऊन र. पु. परांजपे मुंबईला उतरले, ते स्वागतही त्यांनीच टिपलं. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ साली, ‘अंकुराची वाढ’ हा इवलासा चित्रपट केला. कुंडीत लावलेलं बी रुजून वर येईपर्यंत रोज थोडी थोडी फिल्म खर्च करून त्यांनी ती वाढ टिपली आणि पडद्यावर काही क्षणांत दाखवली. भांडवल देणाऱ्यांचा विश्वास बसला, तो हा चित्रपट पाहून. म्हणजे भारतातला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट एका लघुपटाच्या जोरावर उभा राहिला. आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तेव्हा त्याच्या जोडीला नाच होता, विनोदी प्रवेश होता आणि पायांनी वस्तू झेलणारा एक कसरतपटूही होता. मिश्र कार्यक्रमाची संध्याकाळ ही या मातीतली जुनी चाल आहे.

मुंबईत फिल्म सोसायटीच्या वळणाचं काम बरंच आधी सुरू झालं होतं. १९३७ साली ‘ॲमॅच्युअर सिने सोसायटी’ निघाली आणि १९४३ साली ‘बॉम्बे फिल्म सोसायटी’. या दुसरीचे संस्थापक क्लेमेंट बाप्टिस्टा, विजयकर आणि के. एल. खांडपूर हे तिघेही माहितीपटांशी जोडलेले होते, ही गोष्ट मुद्दाम लक्षात घ्यावी अशी. कलकत्त्याची सोसायटी ५ ऑक्टोबर १९४७ रोजी, स्वातंत्र्याला दोन महिने होत नाहीत तोच, सुरू झाली. राय, दासगुप्ता, बन्सी चंद्रगुप्त ही त्यातली नावं आता सर्वांना ठाऊक आहेत. त्यांनी पहिला चित्रपट दाखवला तो आयझेनस्टाइनचा ‘बॅटलशिप पोतेमकिन’. मधल्या काळात ती सोसायटी बंद पडली आणि १९५६ साली पुन्हा सुरू झाली. दरम्यान १९५२च्या जानेवारीत भारतातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत भरला. त्याचं आयोजन फिल्म्स डिव्हिजननेच केलं होतं. ‘बायसिकल थीव्ह्ज’ आणि ‘राशोमोन’ पाहून बाहेर पडलेल्या तरुणांना आपल्या गावात असं काही नेहमी का दिसू नये, असं वाटू लागलं. तीन वर्षांनी ‘पथेर पांचाली’ आला, आणि सोसायटीत बसून सिनेमा बघणारा माणूस काय करू शकतो हे सगळ्यांना दिसलं.

फेडरेशनचं कायद्याच्या अंगाने सगळ्यात मोठं काम म्हणजे सेन्सॉरच्या प्रमाणपत्रातून मिळवलेली सूट. १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या कलम ९ने केंद्र सरकारला अशी सूट देण्याचा अधिकार आहे. त्या आधारे सोसायट्यांना परदेशी चित्रपट न कापता दाखवता येऊ लागले. मुख्य अट अशी होती: दारावर तिकीट विकायचं नाही, चित्रपट फक्त सभासदांपुरता. त्यामुळे वार्षिक वर्गणी, सभासदत्वाचं कार्ड आणि दारात ते तपासायला बसलेला कार्यकर्ता ही सोसायटीची कायमची ओळख झाली. इंदिरा गांधी १९६४ ते १९६६ या काळात माहिती आणि नभोवाणी मंत्री होत्या, तेव्हा फेडरेशनला त्याचा उपयोग झाला.

चित्रपट मिळायचे कुठून? बरेचसे वकिलातींकडून. सोव्हिएत रशिया, चेकोस्लोव्हाकिया, पोलंड, हंगेरी, फ्रान्स यांच्या वकिलाती आणि सांस्कृतिक केंद्रं आनंदाने प्रती पाठवत. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि पी. के. नायर यांनी तिथे नुसता संग्रह केला नाही, तर १६ मिलिमीटरच्या प्रती सोसायट्यांना देण्याची व्यवस्था उभी केली. प्रभात रोड, लॉ कॉलेज रोड या परिसराला त्यातून जे वळण मिळालं ते पुणेकरांना सांगायला नको. प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट आली. तिथे सतीश बहादूर रसास्वाद शिकवत. ते स्वतः आग्र्याच्या फिल्म सोसायटीतून आलेले. इंग्लंडहून आलेल्या मारी सीटन यांनी पन्नासच्या दशकात देशभर फिरून चित्रपट दाखवत व्याख्यानं दिली होती. बहादूर यांनी त्याच वाटेला शिस्त आणि अभ्यासक्रम दिला. उन्हाळ्यातल्या रसास्वाद वर्गाला येऊन गेलेली शिक्षक, बँकेतले कर्मचारी, डॉक्टर, पत्रकार अशी माणसं आपापल्या गावी परतली आणि त्यांतल्या अनेकांनी सोसायट्या चालवल्या.

आता प्रोजेक्टरजवळ थोडं थांबायला हवं. १६ मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात ४० चौकटी असतात आणि सेकंदाला २४ चौकटी पडद्यावर जातात. म्हणजे ४०० फुटांचं छोटं रीळ ११ मिनिटं चालतं आणि १,६०० फुटांचं मोठं ४४ मिनिटं. दोन तासांचा चित्रपट तीन रिळांत येतो. सोसायटीकडे प्रोजेक्टर बहुधा एकच. त्यामुळे दर ४४ मिनिटांनी दिवे लागणार, रीळ उतरणार, दुसरं चढणार. लघुपट एका छोट्या रिळात, माहितीपट एका मोठ्या रिळात आणि चित्रपट तीन रिळांत, अशी संध्याकाळची घडी पुष्कळदा या फुटांच्या हिशेबानेच बसे. रीळ बदलताना मिळणाऱ्या त्या चार मिनिटांत लोक शेजाऱ्याशी बोलत, आणि अनेकांच्या आयुष्यभराच्या ओळखी तिथे झाल्या.

फिल्म चढवणं हे बोटांचं काम. वरच्या दातेरी चक्रावरून फिल्म घ्यायची, गेटच्या वर एक सैल वळसा ठेवायचा, गेटमधून खाली आणायची, खालीही तसाच वळसा. गेटमध्ये फिल्म थांबत थांबत, चौकटीचौकटीने सरकते; ध्वनीच्या ड्रमवर मात्र ती सलग धावली पाहिजे. मधल्या वळशांनी हा फरक सांभाळायचा. खालचा वळसा सुटला की पडद्यावरचं चित्र थरथरायला लागतं. शिवाय १६ मिलिमीटरमध्ये चित्राचा आवाज त्याच चित्राच्या बाजूला नसतो, २६ चौकटी पुढे छापलेला असतो. वळसा मोठा झाला तर ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात; लहान झाला तर उलट. चांगला ऑपरेटर दिवा लावण्याआधी हाताने मोटरचं चाक एकदा फिरवून बघे, दोन्ही वळसे टिकतात का ते पाही आणि मगच हॉलमधला दिवा बंद करायची खूण करी. या माणसांची नावं कार्यक्रमपत्रिकेवर कधी आली नाहीत. तुटलेली फिल्म चिकटवून, डब्यावर ‘रीळ २, सुरुवातीला जोड’ अशी चिठ्ठी लावून पुढच्या गावच्या सोसायटीला सावध करणारेही तेच.

१९६८ हे वर्ष या इतिहासात दोन कारणांनी येतं. मृणाल सेन आणि अरुण कौल यांनी त्या वर्षी नव्या सिनेमाचा जाहीरनामा काढला. कौल मुंबईच्या ‘फिल्म फोरम’ या सोसायटीतले. बासू चटर्जीही तिथलेच. त्याच वर्षी मुंबईत सुधीर नांदगावकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘प्रभात चित्र मंडळ’ सुरू केलं. इंग्रजीत चालणारी ही चळवळ दादर-गिरगावच्या मराठी माणसापर्यंत आणण्याचं काम प्रभातने केलं. बर्गमन, कुरोसावा, राय यांच्यावर मराठीत बोलणं, लिहिणं आणि भांडणं सुरू झालं. ‘वास्तव रूपवाणी’ हे मंडळाचं नियतकालिक. चित्रपटावर मराठीतून गंभीरपणे लिहिणाऱ्यांना त्याने हक्काची जागा दिली. नांदगावकर पुढे फेडरेशनच्या कामातही अनेक वर्षं होते.

जाहीरनाम्याच्या दुसऱ्याच वर्षी सेन यांचा ‘भुवन शोम’ आला. त्यातली गुजरातेतली धीट, हसरी गौरी म्हणजे सुहासिनी मुळे, अक्कांची मुलगी. अक्कांनी स्वतः १९६७ साली हुगळी नदीत उलट्या दिशेने चढणाऱ्या भरतीच्या लाटेवर ‘द टायडल बोअर’ हा माहितीपट केला होता. पुढे १९७४ साली त्यांनी मुलांसाठी ‘एक अनेक और एकता’ हा ॲनिमेशनपट केला. भीमसेन यांनी चितारलेली जाळ्यासकट उडणारी ती पाखरं दूरदर्शनमुळे एका पिढीला पाठ झाली. १९७५-७६ साली उपग्रहाद्वारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोचवण्याचा ‘साइट’ हा प्रयोग झाला, त्यातल्या मुलांच्या कार्यक्रमांतही अक्का होत्या. सुहासिनी मुळे यांनी तपन बोस यांच्याबरोबर भागलपूरला पोलिसांनी कैद्यांचे डोळे फोडल्याच्या प्रकरणावर ‘ॲन इंडियन स्टोरी’ आणि भोपाळच्या वायुगळतीवर ‘भोपाळ: बियाँड जेनोसाइड’ हे माहितीपट केले. लघुपट, माहितीपट आणि चित्रपट एकाच घरात नांदल्याचं याहून चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही. माहितीपटातल्या आयुष्यभराच्या कामासाठी असलेला व्ही. शांताराम पुरस्कार अक्कांना मिळाला आणि २०१९ साली, ९८व्या वर्षी, त्या गेल्या.

सगळं चांगलंच झालं असं लिहिणं खोटं ठरेल. सत्तरच्या दशकात सोसायट्यांची संख्या भराभर वाढली, आणि त्या वाढीत ‘न कापलेले’ चित्रपट बघायला मिळतात म्हणून आलेला मोठा वर्ग होता. काही सोसायट्यांनी वर्गणी टिकवण्यासाठी त्याच आवडीकडे पाहून कार्यक्रम आखले. अशा ठिकाणी माहितीपट पहिल्यांदा गळाला. जिथे चालकांनी प्रेक्षकांची नाराजी सोसून तो ठेवला, तिथे पुढे सोसायटीही टिकली असावी. कर्नाटकातल्या हेग्गोडूसारख्या खेड्यात के. व्ही. सुब्बण्णा यांच्या ‘नीनासम’ने शेतकऱ्यांसमोर ‘पथेर पांचाली’, ‘राशोमोन’, ‘बायसिकल थीव्ह्ज’ लावले, कन्नडमधून समजावून सांगितले आणि गावाने ते पाहिले. अभिजात चित्रपट शहरी सुशिक्षितालाच कळतो, या समजुतीला तिथे उत्तर मिळालं.

ऐंशीच्या दशकात माहितीपटाचा चेहरा पालटला, आणि महाराष्ट्राचा त्यात मोठा वाटा आहे. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला. घरोघर वेगवेगळ्या दारांतून कामाला जाणाऱ्या, एकमेकींना कामाच्या जागी कधीच न भेटणाऱ्या या बायका एकत्र आल्या, पगारवाढ आणि सुट्टी मागू लागल्या. त्याच वर्षी बंगळूरमध्ये दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि छायाचित्रकार नवरोज काँट्रॅक्टर यांनी ‘युगांतर’ हा गट सुरू केला होता. त्यांनी १९८१ साली या संघटनेवर ‘मोलकरीण’ हा मराठी माहितीपट केला. लगेच पुढच्या वर्षी निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत काम करणाऱ्या बायकांवरचा त्यांचा माहितीपट आला. दोन्ही अर्ध्या तासाच्या आतबाहेरचे, १६ मिलिमीटरवरचे, कृष्णधवल. निवेदक वरून बोलतोय आणि बायका खाली मान घालून भांडी घासतायत, असं इथे नाही. बायका स्वतः बोलतात, स्वतःचा हिशेब स्वतः मांडतात. हे चित्रपट वस्त्यांत, संघटनांच्या बैठकांत फिरले. फिल्म्स डिव्हिजनच्या सक्तीच्या रिळापासून ही वाट किती लांब आली होती ते यावरून समजावं.

आनंद पटवर्धन यांनी १९८५ साली ‘हमारा शहर’ केला. मुंबईतल्या झोपड्या पाडण्याचा तो लेखाजोखा आहे. त्यात एक प्रसंग आहे: घर पडलेली एक बाई कॅमेऱ्याकडे, म्हणजे थेट दिग्दर्शकाकडे, बघून त्यालाच फैलावर घेते, की गरिबांचे फोटो काढून तुम्ही नाव मिळवाल, आमचं काय होणार? पटवर्धनांनी तो प्रसंग कापला नाही. सोसायटीच्या संध्याकाळी हा माहितीपट झाल्यावर चर्चा कुठून सुरू होणार याची काळजी करावी लागत नाही. ती त्या बाईच्या प्रश्नापासून सुरू होते. चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तरी तो दूरदर्शनवर यायला न्यायालयात जावं लागलं. त्या दरम्यान तो लोकांपर्यंत पोचला तो सोसायट्या, कॉलेजं, कामगार संघटना आणि वस्त्यांमधून.

केरळात जॉन अब्राहम आणि त्यांच्या ‘ओडेसा’ गटाने आणखी पुढचं पाऊल टाकलं. गावोगाव चॅप्लिनचा ‘द किड’ दाखवायचा, लोकांकडून जमेल तेवढी वर्गणी घ्यायची आणि त्यातून आपला चित्रपट करायचा. त्यातून १९८६ साली ‘अम्मा अरियान’ उभा राहिला. प्रेक्षकच निर्माता झाला. स्वतंत्र चित्रपट हा शब्द आज सहज वापरला जातो. त्याचा खरा अर्थ त्या रुपया-दोन रुपयांत होता.

याच दशकात रंगीत दूरचित्रवाणी आली, व्हिडिओ आला आणि घरबसल्या चित्रपट दिसू लागला. पुष्कळ सोसायट्या बंद पडल्या. उरल्या त्यांनी माहितीपटांना जवळ केलं, कारण व्हिडिओच्या दुकानात माहितीपट मिळत नव्हता. १९९० साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजनने माहितीपट आणि लघुपटांचा द्वैवार्षिक आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू केला, आणि दर दोन वर्षांनी देशभरातले माहितीपटकार मुंबईत जमू लागले. २००४च्या महोत्सवासाठी भारतीय चित्रपटांना सेन्सॉर प्रमाणपत्र सक्तीचं करण्याचा नियम पुढे आला. परदेशी चित्रपटांना मात्र तो नव्हता. दोनशेहून अधिक माहितीपटकार विरोधात एकत्र आले. नियम मागे घेतला गेला. पण निवडीत अनेक चर्चित चित्रपट वगळले गेले, तेव्हा या मंडळींनी फेब्रुवारीत प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात ‘विकल्प’ हा समांतर महोत्सव भरवला. गुजरातच्या हिंसाचारावरचा राकेश शर्मांचा ‘फायनल सोल्यूशन’ मुंबईकरांनी तिथे पाहिला. पुढे सेन्सॉरने त्यावर घातलेली बंदी त्याच वर्षी उठली. तोवर त्याच्या हजारो सीडी हातोहात वाटल्या गेल्या होत्या. महोत्सव संपला तरी ‘विकल्प’ थांबला नाही. मुंबईत पृथ्वी थिएटरच्या सहकार्याने त्यांचे नियमित खेळ होत राहिले. म्हणजे फिरून गाडी आली ती एका संध्याकाळवरच: ठरलेला दिवस, ठरलेली वेळ, मोफत प्रवेश आणि नंतर दिग्दर्शकाशी गप्पा.

आता रिळं गेली. चित्रपट एका फाइलमध्ये येतो. वळसा सुटण्याची भीती नाही, आवाज मागे पडण्याची नाही, एसटीच्या टपावरून डबे उतरवण्याची नाही. २०२२ साली फिल्म्स डिव्हिजन आणि चित्रपट संग्रहालय ही दोन्ही राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. मराठीत मात्र स्वतंत्र चित्रपटांचा जोर वाढत गेला. नागराज मंजुळे यांची सुरुवात शाळेत जाऊ पाहणाऱ्या मुलाच्या ‘पिस्तुल्या’ या लघुपटाने झाली आणि मग ‘फँड्री’ आला. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला २०१४ साली व्हेनिसमध्ये दोन पुरस्कार मिळाले, त्यातले लोकशाहीर नारायण कांबळे उभे केले ते वीरा साथीदार यांनी, जे नट नव्हते, नागपूरचे आंबेडकरी चळवळीतले कार्यकर्ते होते. २०२५ साली रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला सनडान्समध्ये परीक्षकांचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. यांतले बरेच चित्रपट गावच्या थिएटरात आठवडाभरही टिकत नाहीत. ते ज्यांना बघायचे आहेत त्यांच्यासाठी तालुक्याच्या गावी शाळेचा हॉल, भाड्याचा प्रोजेक्टर आणि पांढरी चादर हीच आजही सोय आहे, आणि ती करायला कुणीतरी पुढे यावं लागतं.

‘मोलकरीण’ची मूळ फिल्म कित्येक वर्षं पाहायला मिळत नव्हती. बर्लिनच्या ‘आर्सेनल’ या चित्रपट संस्थेने अलीकडे ‘युगांतर’चे चित्रपट डिजिटल रूपात आणले, आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या पुण्यातल्या त्या बायका पुन्हा स्वच्छ दिसू-ऐकू येऊ लागल्या. एखाद्या सोसायटीने संध्याकाळ आखायचीच तर ती अशी आखता येईल: साडेसहाला ‘पिस्तुल्या’, मग ‘मोलकरीण’, चहा, आणि आठच्या सुमाराला ‘कोर्ट’. ‘कोर्ट’ ११६ मिनिटांचा, म्हणजे दहाला दिवे लागतील. हॉलच्या रखवालदाराला साडेदहापर्यंतची वेळ आधीच सांगून ठेवावी. मोलकरणींविषयी बोलायला पहिला हात बहुतेक मागच्या रांगेतून वर होतो.